सत्तेवरून दूर करणे : क्रियापद एक नाही, कर्ताही एक नाही

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

एखादे सरकार जाते तेव्हा दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत त्या घटनेसाठी कोणते क्रियापद वापरलेले असते, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. एक पत्र लिहिते, ‘सरकार पडले’. दुसरे लिहिते, ‘सरकार पाडले’. तिसऱ्यात ‘मुख्यमंत्री पायउतार झाले’, चौथ्यात ‘मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला’ आणि पाचव्यात ‘सरकार बरखास्त करण्यात आले’ असे छापलेले असते. वाचणाऱ्याला वाटते की ही सारी एकाच गोष्टीची नावे आहेत. वस्तुस्थिती तशी नाही. यांतील प्रत्येक क्रियापदाचा कर्ता निराळा आहे, आणि राजकारणात कर्ता कोण हा प्रश्न म्हणजेच सत्तेचा धनी कोण हा प्रश्न होय. म्हणून आजचा विषय भाषेचा असला तरी तो केवळ भाषेचा नाही.

शब्दांची कुळे

प्रथम शब्दांची कुळे पाहू. ‘पदच्युत’ हा संस्कृत शब्द. ‘च्यु’ म्हणजे ढळणे, खाली येणे. जो कधीच ढळत नाही तो ‘अच्युत’, आणि ते विष्णूचे नाव आहे. म्हणजे पदावरून न ढळणे हा देवाचा गुण, माणसाचा नव्हे, एवढी जाण या शब्दाच्या पोटातच आहे. ‘पायउतार’ हा अस्सल मराठी शब्द. घोड्यावरून वा पालखीतून उतरून जो आपल्या पायांवर उभा राहिला तो पायउतार झाला. सत्ता हे वाहन आहे, ते दुसऱ्याच्या खांद्यावर चालते, आणि उतरल्यावर माणसाला इतरांसारखेच पायी चालावे लागते, हा त्यातला अर्थ लोकशाहीला मोठा पोषक आहे.

‘बडतर्फ’ आणि ‘बरखास्त’ हे दोन्ही फारसी. बडतर्फ म्हणजे बाजूला केलेला. बरखास्तचा मूळ अर्थ नुसता ‘उठणे’ एवढाच आहे. दरबार बरखास्त झाला, म्हणजे बसलेली मंडळी उठली. धनी उठला की सभा संपली. पुढे धन्याच्या हुकमाने दुसऱ्यांना उठविण्यासाठी हाच शब्द रूढ झाला. त्याच्या मागे दरबार आहे, हे विसरून चालणार नाही.

‘राजीनामा’ या शब्दाची कथा तर विशेष बोधप्रद आहे. राजी असल्याचा कागद तो राजीनामा. मराठेशाहीतील न्यायनिवाड्यात वादी आणि प्रतिवादी दोघेही पंचांचा निर्णय आपल्याला मान्य राहील असे लिहून देत, त्या लेखाला राजीनामा म्हणत. म्हणजे मुळात ते संमतीपत्र होते. आज ज्या कागदावर बहुधा माणूस अत्यंत नाराजीने सही करतो त्याला आपण राजीनामा म्हणतो. शब्द राजीखुशीचा, प्रसंग सक्तीचा. हा विरोध पुढे पुन्हा भेटणार आहे.

याखेरीज लोकांनी घडविलेले शब्द आहेत. हातपाय धरून उचलून नेणे ती ‘उचलबांगडी’. हाकलून लावणे ती ‘हकालपट्टी’. संस्कृतातील ‘जातात’ अशा अर्थाच्या क्रियापदाला मराठीने थट्टेने नाम बनवून ‘गच्छंती’ केले. ‘उलथून टाकणे’ हा प्रयोग स्वयंपाकघरातला. तव्यावरचे थालीपीठ ज्याने परतायचे त्या साधनाचेही नाव उलथणेच. घोडा का अडला, पान का सडले, भाकरी का करपली, या तीन प्रश्नांना ‘न फिरवल्यामुळे’ हे एकच उत्तर देणारे कोडे घरोघरी ठाऊक आहे. सत्ता एकाच अंगावर फार वेळ राहिली की करपते, हे बायाबापड्यांना राज्यशास्त्राच्या ग्रंथावाचून कळत होते, असा याचा अर्थ आहे.

पडणे आणि पाडणे

आता व्याकरणाकडे वळू. मराठीत पडणे–पाडणे, मरणे–मारणे, गळणे–गाळणे अशा क्रियापदांच्या जोड्या आहेत. पहिले अकर्मक, दुसरे सकर्मक. ‘भिंत पडली’ म्हटले की दोष पावसाचा किंवा मातीचा. ‘भिंत पाडली’ म्हटले की कोणी पाडली हे विचारणे भाग पडते. ‘सरकार पडले’ या वाक्यात सरकार स्वतःच कर्ता होऊन बसते, जणू ते आपल्याच वजनाने कोसळले. ‘आमदारांनी सरकार पाडले’ या वाक्यात कर्ता समोर येतो. परंतु मराठी वाक्य आणखी एक सवलत देते. ‘आमदारांनी’ हा शब्द वगळून नुसते ‘सरकार पाडले’ म्हटले तरी वाक्य पुरे होते. कर्म राहते, क्रिया राहते, आणि करणारा निसटून जातो. ‘बरखास्त करण्यात आले’ ही कचेरीतली वाक्यरचना तर करणाऱ्याचे नाव न घेण्यासाठीच जन्मली असावी, असे वाटण्याजोगी आहे.

ज्या वाक्यात कर्ता लपतो त्या वाक्यात जबाबदारीही लपते. कामगाराला कामावरून काढले जाते तेव्हा नोटिशीची भाषा ‘कमी करण्यात येत आहे’ अशी असते. मे १९७४ च्या रेल्वे संपात हजारो रेल्वे कामगारांच्या नोकऱ्या गेल्या. त्यांच्या घरी गेलेल्या कागदांवर कर्ता शोधून सापडला नसता. १९७७ साली केंद्रात सत्तांतर झाले आणि त्यांना परत घेण्याचा निर्णय झाला, तेव्हा घेणारे कोण होते ते मात्र सर्वांना कळले. चांगल्या कृत्याला कर्ता असतो, अप्रिय कृत्याला नसतो, ही सत्तेच्या भाषेची जुनी रीत आहे.

साताऱ्याहून बडोद्याकडे

महाराष्ट्राला या क्रियापदाची ओळख इंग्रजी अमलात फार कठोरपणे झाली. १८१८ नंतर इंग्रजांनीच साताऱ्याच्या गादीवर बसविलेल्या प्रतापसिंह महाराजांना त्यांनीच १८३९ साली पदच्युत केले आणि काशीस पाठविले. तेथेच १८४७ मध्ये त्यांचा अंत झाला. त्यांच्या वतीने रंगो बापूजी गुप्ते यांनी लंडनला जाऊन दशकाहून अधिक काळ दाद मागितली. ती मिळाली नाही. महाराजांच्या जागी त्यांच्या बंधूंना बसविण्यात आले, त्यांचे निधन होताच दत्तक नामंजूर झाला आणि राज्यही खालसा झाले. ‘पदच्युत’ हा शब्द माणसापासून सुरू झाला आणि राज्यापाशी येऊन थांबला.

दुसरे उदाहरण बडोद्याचे. मल्हारराव गायकवाड यांच्यावर १८७५ साली ब्रिटिश रेसिडेंटवर विषप्रयोग केल्याचा आरोप ठेवण्यात आला. चौकशीसाठी सहा जणांचे मंडळ नेमले गेले. तीन इंग्रज सभासदांनी त्यांना दोषी ठरविले. जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव या तीन हिंदी सभासदांना आरोप सिद्ध झाला असे वाटले नाही. मते समसमान पडली. तेव्हा सरकारने विषप्रयोगाचा मुद्दा बाजूला ठेवून गैरकारभाराच्या कारणावरून एप्रिल १८७५ मध्ये त्यांना पदच्युत केले. मल्हाररावांचा कारभार चांगला होता असे कोणी म्हणणार नाही, आणि त्यांच्यानंतर आलेल्या सयाजीरावांनी बडोद्याचे केवढे हित केले ते सर्वविदित आहे. तथापि प्रश्न निराळा आहे. बडोद्याची रयत या वाक्यात कोठेही नव्हती. वाईट राजा गेला हे खरे, परंतु तो रयतेने घालविला नाही. चौकशी एका कारणासाठी आणि शिक्षा दुसऱ्या कारणासाठी, हे ज्याच्या हाती शक्य होते तोच त्या क्रियापदाचा खरा कर्ता होता.

मर्जी आणि बहुमत

स्वातंत्र्यानंतर कर्ता बदलायला हवा होता. घटनेने मंत्रिमंडळ विधानसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार केले. पण त्याच घटनेत मंत्री राज्यपालाच्या मर्जीपर्यंत पदावर राहतील असेही शब्द राहिले. मर्जी हा दरबारी शब्द आणि जबाबदारी हा लोकशाहीतला शब्द. या दोहोंची ओढाताण पुढील अनेक दशके चालली. अनुच्छेद ३५६ चा आधार घेऊन आजवर शंभराहून अधिक वेळा राज्यांत राष्ट्रपती राजवट आली आहे. त्यांतील काही प्रसंगी खरोखरच दुसरा मार्ग नव्हता. पुष्कळ प्रसंगी मात्र दरबारातील उठण्याचा हुकूम तेवढा आठवतो.

केरळमध्ये १९५७ साली मतपेटीतून आलेले नंबुद्रीपाद सरकार ३१ जुलै १९५९ रोजी बरखास्त झाले. शेतजमीन आणि शिक्षण या दोन प्रश्नांवर त्या सरकारने जे कायदे आणले होते त्यांनी वरिष्ठ वर्गांचे हितसंबंध दुखावले होते. आंध्रात १६ ऑगस्ट १९८४ रोजी एन. टी. रामाराव यांचे सरकार राजभवनातून दूर करण्यात आले. लोक रस्त्यावर आले, देशभर आवाज उठला, आणि बरोबर एका महिन्याने, १६ सप्टेंबरला, रामाराव पुन्हा मुख्यमंत्री झाले. याच रामारावांना १९९५ साली त्यांच्याच विधिमंडळ पक्षाने, त्यांच्या जावयाच्या नेतृत्वाखाली, दूर केले. तेव्हा ते परत येऊ शकले नाहीत. माणूस एकच, पद एकच. पहिल्या वेळी क्रियापदाचा कर्ता राजभवन होता, दुसऱ्या वेळी आमदार. पहिल्या वेळी लोकांना अन्यायाचा उगम स्पष्ट दिसला, दुसऱ्या वेळी तो घरातच विरघळला.

कर्नाटकात एस. आर. बोम्मई यांचे जनता दल सरकार २१ एप्रिल १९८९ रोजी बरखास्त झाले. सभागृहात बहुमत सिद्ध करण्याची संधी द्यावी, ही त्यांची मागणी मान्य झाली नव्हती. त्या खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने ११ मार्च १९९४ रोजी दिला. बहुमताची परीक्षा राजभवनात नव्हे, तर सभागृहात व्हावी, हे तत्त्व त्यातून पक्के झाले. हा निकाल म्हणजे वाक्यातील कर्ता बदलण्याचा न्यायालयीन प्रयत्न होता. मात्र बोम्मईंना स्वतःला त्याचा काडीइतका उपयोग झाला नाही. तोवर पाच वर्षे लोटली होती आणि राज्यात निवडणुकाही होऊन गेल्या होत्या. न्याय क्रियापदाला मिळाला, माणसाला मिळाला नाही.

एक घटना, तीन क्रियापदे

या सर्वांत शिकण्यासारखे उदाहरण १९७५ ते १९७७ या काळातले आहे. रायबरेलीच्या निवडणुकीत पराभूत झालेले समाजवादी नेते राजनारायण यांनी निवडणूक याचिका दाखल केली. १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी श्रीमती इंदिरा गांधी यांची निवड रद्द ठरविली. येथे क्रियापद ‘रद्द करणे’ आणि कर्ता न्यायालय. त्याच सुमारास जयप्रकाशजींच्या नेतृत्वाखाली चाललेल्या आंदोलनातून राजीनाम्याची मागणी उठली. येथे क्रियापद ‘हटवणे’ आणि कर्ता रस्त्यावरचा समाज. सर्वोच्च न्यायालयाने २४ जूनला सशर्त स्थगिती दिली, आणि २५ जूनच्या रात्री आणीबाणी पुकारली गेली. पदावरून दूर होण्याचा प्रश्न आला तेव्हा पदावरील व्यक्तीने प्रश्न विचारणाऱ्यांनाच दूर केले, तुरुंगात.

मार्च १९७७ मध्ये तिसरे क्रियापद आले. रायबरेलीच्या मतदारांनी राजनारायण यांना ५५ हजारांहून अधिक मतांनी निवडून दिले. येथे क्रियापद ‘पराभूत करणे’ आणि कर्ता मतदार. न्यायालयाला जे साधले पण टिकविता आले नाही, आंदोलनाला जे मागता आले पण मिळविता आले नाही, ते मतदाराने एका दिवसात केले. याचा अर्थ न्यायालय आणि आंदोलन निरर्थक होते असा नाही. त्या दोघांनी वाक्य तयार केले आणि मतदाराने ते पुरे केले. परंतु ज्या क्रियेनंतर कोणीही तिच्या वैधतेविषयी शंका घेतली नाही, ती ही तिसरी. श्रीमती गांधींनीही तो निर्णय मानला आणि पद सोडले. ज्या कर्त्याचा अधिकार पराभूत व्यक्तीलाही मान्य करावा लागतो, तोच लोकशाहीतील खरा कर्ता.

आपले स्वतःचे हिशेब

इथपर्यंत ऐकताना बरे वाटते, कारण दोष बहुतांशी दुसऱ्यांचा आहे. पण अभ्यासवर्गात आपले हिशेबही मांडले पाहिजेत.

केरळमधील १९५९ च्या बरखास्तीमागे जे आंदोलन होते त्यात प्रजासमाजवादी पक्ष सामील होता, आणि १९६० साली काँग्रेसच्या पाठिंब्यावर त्याच पक्षाचे पट्टम थाणू पिल्ले मुख्यमंत्री झाले. १९७७ साली केंद्रात आलेल्या जनता पक्षाच्या सरकारने नऊ राज्यांतील काँग्रेस सरकारे बरखास्त केली. युक्तिवाद असा होता की लोकसभेच्या निकालाने त्यांचा जनाधार संपला आहे. १९८० च्या फेब्रुवारीत श्रीमती गांधींनी तोच युक्तिवाद उचलला आणि नऊ राज्यांतील विरोधी सरकारे बरखास्त केली. त्यांत महाराष्ट्राचे पुरोगामी लोकशाही दलाचे सरकारही होते. आपण शोधलेले हत्यार आपल्याच अंगावर आले तेव्हा तक्रारीला नैतिक बळ उरले नाही. त्या महाराष्ट्राच्या सरकारचा जन्मही जुलै १९७८ मध्ये वसंतदादा पाटील यांचे सरकार पाडूनच झाला होता. एका बाजूने त्याला ‘पर्याय’ म्हटले, दुसऱ्या बाजूने ‘पाठीत खंजीर’. तेव्हा मतदार दोन्ही वाक्यांच्या बाहेर उभा होता.

त्याहूनही जुना एक प्रसंग आहे. तो कार्यकर्त्यांनी नेहमी स्मरणात ठेवावा. १९५४ साली त्रावणकोर–कोचीनमध्ये प्रजासमाजवादी पक्षाचे सरकार होते. ऑगस्टमध्ये तेथे पोलिसांनी जमावावर गोळीबार केला आणि माणसे मेली. पक्षाचे सरचिटणीस राममनोहर लोहिया यांनी आपल्याच सरकारने राजीनामा द्यावा अशी मागणी केली. सरकारने ती मानली नाही. पक्षात मोठा वाद झाला, आणि १९५५ च्या अखेरीस लोहियांनी वेगळा पक्ष उभारला. ते सरकार तर त्याआधीच, १९५५ च्या प्रारंभी, विधानसभेतील अविश्वासाने गेले होते. लोहियांच्या मार्गाने चळवळ दुभंगली, तिचे बळ घटले, हे खरे. परंतु त्यांनी मांडलेले तत्त्व अभंग आहे. दुसऱ्याला पदावरून दूर करण्याची मागणी करण्याचा अधिकार त्यालाच, जो आपल्या माणसाविषयी तीच मागणी करू शकतो. क्रियापद दोघांसाठी एकच असले पाहिजे.

आणखी एक हिशेब १९७१ चा. विरोधी आघाडीची घोषणा होती ‘इंदिरा हटाओ’. समोरून उत्तर आले, ‘गरिबी हटाओ’. क्रियापद दोन्हीकडे एकच होते, कर्म तेवढे निराळे. लोकांनी दुसरे कर्म निवडले. काँग्रेसला लोकसभेत ३५२ जागा मिळाल्या, संयुक्त समाजवादी पक्षाला अवघ्या ३. गरिबी हटली नाही, हे पुढे सिद्ध झाले. पण शिकण्याचा मुद्दा असा की केवळ एका व्यक्तीला हटविण्याचा कार्यक्रम उपाशी माणसाला कार्यक्रम वाटत नाही. व्यक्ती एका मतदानाने हटते. दारिद्र्य हटण्यासाठी जमीन, मजुरी, पाणी, शिक्षण आणि भांडवलाची दिशा, एवढे सारे हलावे लागते. अर्थव्यवस्थेत ‘हटवणे’ या क्रियापदाला काळ लागतो. राजकारणात ते क्षणाचे असते. या दोन काळांची गल्लत झाली की सत्तांतर होते आणि परिवर्तन होत नाही.

राजीनाम्याचा कागद

आता अलीकडचा प्रसंग. जून २०२२ मध्ये महाराष्ट्रात सत्ताधारी पक्षातील मोठा गट फुटला. राज्यपालांनी बहुमत सिद्ध करण्यास सांगितले. २९ जून २०२२ च्या रात्री मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी सभागृहाला सामोरे न जाता राजीनामा दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठापुढे गेले आणि ११ मे २०२३ रोजी निकाल लागला. बहुमत चाचणी घेण्यास सांगण्याइतका आधार राज्यपालांकडे नव्हता, असे न्यायालय म्हणाले. परंतु त्याच निकालात न्यायालयाने हेही सांगितले की चाचणीला सामोरे न जाता राजीनामा दिलेला असल्यामुळे पूर्वीची स्थिती परत आणता येत नाही.

या निकालाकडे कोणत्याही पक्षाच्या बाजूने न पाहता क्रियापदाच्या बाजूने पाहावे. ‘दूर केले’ असे वाक्य असते तर केलेली कृती उलटविता आली असती. ‘राजीनामा दिला’ या वाक्यात कर्ता स्वतः मुख्यमंत्री झाले. राजी असल्याचा कागद दिला गेला, आणि कायद्याने तो कागद शब्दशः वाचला. परिस्थितीने भाग पाडले, हे म्हणणे भाषणात चालते, निकालपत्रात चालत नाही. म्हणून कार्यकर्त्याने ध्यानात ठेवावे की सभागृहात हरणे आणि सभागृहाबाहेर राजीनामा देणे यांत केवळ शैलीचा फरक नाही. अटलबिहारी वाजपेयी यांचे सरकार १७ एप्रिल १९९९ रोजी २६९ विरुद्ध २७० अशा एका मताने पडले. परंतु ते सभागृहात पडले, प्रत्येक मत मोजले गेले, आणि कोणाच्या मताने पडले ते देशाला कळले. कर्ता लपला नाही. त्याच्याही आधी, ऑगस्ट १९६३ मध्ये, आचार्य कृपलानी यांनी पंडित नेहरूंच्या सरकारवर लोकसभेतील पहिला अविश्वास ठराव आणला. तो ६२ विरुद्ध ३४७ मतांनी फेटाळला जाणार हे उघडच होते. तरीही तो आणला गेला, कारण सत्तेला लोकांच्या प्रतिनिधींपुढे उभे करून हिशेब विचारणे हेही ‘दूर करणे’ या क्रियेचे पहिले पाऊल आहे. याच चर्चेत लोहियांनी सामान्य भारतीयाच्या रोजच्या तीन आण्यांच्या उत्पन्नाचा प्रश्न मांडला. ठराव हरला, प्रश्न जिंकला.

गावापासून सुरुवात

हा सारा विचार दिल्ली–मुंबईपुरता ठेवण्याचे कारण नाही. महाराष्ट्रात थेट लोकांतून निवडून आलेल्या सरपंचाविरुद्ध सदस्यांनी तीन चतुर्थांश बहुमताने अविश्वास ठराव केला, तरी तो विशेष ग्रामसभेपुढे जातो आणि गुप्त मतदानाने त्यावर शिक्कामोर्तब व्हावे लागते. ज्यांनी बसविले त्यांनाच उठविण्याचा अंतिम अधिकार, हे तत्त्व या तरतुदीत आहे. निवडून दिलेला प्रतिनिधी परत बोलाविण्याचा अधिकार ही जयप्रकाशजींच्या आंदोलनातील एक मागणी होती. आमदार–खासदारांच्या बाबतीत ती आजही अपुरी आहे. तिच्यातील अडचणी खऱ्या आहेत. पैशाच्या बळावर दर सहा महिन्यांनी उठाबशा काढायला लावता येतील, ही भीती अनाठायी नाही. परंतु ग्रामसभेत बाया आणि मजूर निर्भयपणे मत देऊ शकले, ठराव रात्रीच्या जेवणावळीत न ठरता दिवसाच्या सभेत ठरला, तर मोठ्या सभागृहांसाठीही त्यातून धडा मिळेल. त्यासाठी ग्रामसभा भरली पाहिजे, आणि ती भरविणे हे कार्यकर्त्याचे काम आहे.

शेवटी एक कसोटी. सत्तेवरून कोण गेले यापेक्षा जाताना आणि गेल्यावर काय उरले हे पाहावे. महाराष्ट्राची रोजगार हमी योजना दुष्काळाच्या दिवसांत, १९७२ च्या सुमारास, उभी राहिली. तिचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. या दरम्यान मुख्यमंत्री बदलले, सरकार पाडले गेले, पुढे बरखास्तही झाले. दगड फोडणाऱ्या मजूर बाईच्या हाताला काम देण्याचे कायदेशीर बंधन मात्र त्या सर्व उलथापालथींतून टिकले, आणि २००५ च्या केंद्रीय कायद्यामागे त्याचीच प्रेरणा होती. ज्या हक्काला लोकांनी आपला मानले तो पाडण्याची हिंमत सहसा होत नाही. ज्या सरकारला लोकांनी आपले मानले नाही, ते कोणीही पाडले तरी लोक दारात उभे राहून पाहतात.

म्हणून मित्रहो, उद्या ‘सरकार पडले’ अशी बातमी वाचाल तेव्हा पहिला प्रश्न व्याकरणाचा विचारा. पडले की पाडले? पाडले तर कोणी? मतदाराने, प्रतिनिधींनी, राजभवनाने, की पैशाने? आणि दुसरा प्रश्न स्वतःला विचारा. आपल्या पक्षाने हेच केले असते तर आपण कोणते क्रियापद वापरले असते? या दोन प्रश्नांची उत्तरे प्रामाणिकपणे देणारा कार्यकर्ता सत्तेत असो वा नसो, त्याला त्याच्या जागेवरून कोणी पदच्युत करू शकणार नाही, कारण त्याचे पद लोकांच्या विश्वासात असते. आणि त्या विश्वासातून तो ढळलाच, तर त्याला पायउतार करण्याचा अधिकारही त्याच लोकांचा आहे.